घास अडकतो तेव्हा

मराठीच्या प्राध्यापकाने पिस्तुलावर लिहायचे म्हणजे माळकऱ्याने तांबड्या रश्श्यावर अभिप्राय देण्यासारखे आहे, असे आमच्या घरातून मला ऐकवण्यात आले आहे. आक्षेप खरा आहे. मी पिस्तूल चालवत नाही. पण ते अडकते कशाने, याचा शोध माझे दादामामा ओळीने तीन रविवार घेत होते, तेव्हा मी शेजारी बसून मामींचा चहा पीत होतो. तेवढ्या अधिकारावर हे लिहितो आहे.

दादामामांनी कोल्हापूरच्या गुजरीत पन्नास वर्षे सराफी केली. आता वय अठ्ठ्याहत्तर. रात्री पेढी बंद करून निघताना जोखीम बरोबर असे, म्हणून फार वर्षांपूर्वी रीतसर परवाना काढून त्यांनी .३२ बोअरचे एक पिस्तूल घेतले; तळहातापेक्षा थोडेसेच मोठे. देवाच्या कृपेने ते माणसावर रोखण्याची वेळ कधी आली नाही. परंतु वर्षातून दोन-तीनदा रेंजवर जाऊन ते पाच-पंचवीस गोळ्या झाडून येत. न उघडलेली वही आणि न चालवलेले हत्यार यांचा भरवसा धरू नये, असे त्यांचे म्हणणे. आणि कोल्हापुरात नेमबाजीचे नवल कोणाला? इथल्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला जगज्जेत्या झाल्या, आणि याच जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेंनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक घेतले.

तर गेल्या वर्षी हे पिस्तूल अडकू लागले. पहिल्या दोन गोळ्या सुरळीत जात. तिसरी नाहीतर चौथी रुसे.

या पिस्तुलाची मौज अशी, की त्याला माणसाने फक्त चाप ओढायचा; पुढचे काडतूस ते आपले आपण घेते. गोळी सुटली की तिच्या धक्क्याने वरची स्लाइड मागे सरकते आणि जाता जाता रिकामी पुंगळी बाहेर भिरकावते. मग स्प्रिंग तिला पुढे लोटते, आणि पुढे येताना ती मुठीतल्या मॅगझिनमधले वरचे काडतूस ढकलत नेते. एक लहानशी गुळगुळीत चढण चढून ते नळीच्या तोंडात शिरते. इंग्रजीत या क्रियेला ‘फीड’ म्हणतात. आपण सरळ ‘भरवणे’ म्हणावे. मॅगझिन भरवते, नळी गिळते, आणि मध्ये कुठे चुकले की घास घशात अडकतो.

‘मॅगझिन’ या शब्दापाशी मी मामांना थोडा वेळ थांबवले. खोड जात नाही. हा शब्द मूळचा अरबी ‘मखजन’, म्हणजे कोठार. आपला ‘खजिना’ही त्याच धातूतून आलेला. १७३१ साली लंडनच्या एका मासिकाने स्वतःला ‘मॅगझिन’ म्हणवून घेतले, ते मजकुराचे कोठार या अर्थाने. तेव्हा वाचकहो, तुमच्या हातातला हा दिवाळी अंक आणि पिस्तुलाच्या मुठीतली ती पत्र्याची पेटी एकाच नावाने ओळखल्या जातात. मामा ऐकून घेऊन म्हणाले, “असंल. पण तुझं मॅगझिन अडकत न्हाई.” (संपादकांनी हे वाक्य कापू नये.)

पहिल्या रविवारी संशय पेटीवरच होता, आणि अनुभवी लोक तो तिथेच आधी घेतात. तिच्या वरच्या दोन कडा काडतुसाला ओठांसारख्या धरून ठेवतात. पेटी एकदा फरशीवर पडली आणि ओठ जरासा वाकला, तरी काडतूस तिरके सुटते. मामांनी पिस्तूल रिकामे केले, नळीत बोट घालून पुन्हा खात्री केली, काडतुसे दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवली, आणि मगच डोळ्याला भिंग लावले. हिऱ्याची चीर पाहणारा तो डोळा! ओठ सरळ होते. आतली स्प्रिंगही ताठ होती. त्यांच्याकडे दोन पेट्या. दोन्हींवर खुणेचे टिपके दिले. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, म्हणजे चोर सापडतो.

रेंजवर दोन्ही पेट्या अडकल्या. म्हणजे पेटी निर्दोष.

दुसऱ्या रविवारी काडतुसे तपासली. हे .३२ चे काडतूस १८९९ च्या सुमाराचे, अमेरिकेतल्या जॉन ब्राउनिंग यांच्या कल्पनेतले. (२१ डिसेंबर १९०९ ला अनंत कान्हेऱ्यांनी नाशिकच्या नाट्यगृहात जॅक्सनवर जे झाडले, तेही ब्राउनिंगच.) याच्या बुडाची कड किंचित बाहेर आलेली असते. पेटी भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या मागे गेली, की दोन्ही एकमेकांत अडकून बसतात आणि वरचे पुढे सरकतच नाही. मामांनी प्रत्येक काडतूस कड पुढे ठेवून भरले, नवी खरेदीही वापरून पाहिली. चढणीवरची काजळी आणि वाळलेले तेल पुसून काढले. घरात जुन्या पेढीसारखा वास सुटला. मामी म्हणाल्या, “पोरं जेवली नाहीत तेव्हा एवढी चौकशी केली नव्हती कधी.”

तिसऱ्या रविवारी मी बरोबर गेलो. पुन्हा तिसरीला पुंगळी स्लाइडच्या दारात उभी! तिथे शिकवणारी एक मुलगी होती, असेल पंचविशीची. “आजोबा, मी बघू?” म्हणाली. मामांनी पिस्तूल रिकामे करून तिच्यापुढे ठेवले. तिने त्याच दोन पेट्या, तीच काडतुसे भरून लागोपाठ संपवल्या. एकही अडकले नाही.

कोणी काही बोलले नाही. मग मामांनी पुन्हा घेतले आणि ती नेमाकडे न पाहता त्यांच्या हाताकडे पाहत राहिली. स्लाइड पूर्ण मागे जायची तर खालचा सांगाडा घट्ट धरलेला हवा. मनगट ढिले पडून हातच धक्क्याबरोबर मागे गेला, तर स्लाइडची चाल अपुरी पडते. पुंगळी नीट फेकली जात नाही, पुढचे काडतूस उचलले जात नाही. पहिल्या दोन गोळ्यांना मनगट पुरत होते. तिसरीला थकत होते.

तिने हे फार अदबीने सांगितले, दोन्ही हातांनी धरण्याची रीतही दाखवली. मामांनी तसे धरून पाहिले. चार गेल्या, पाचवी अडकली.

परतताना रिक्षात ते म्हणाले, “घरी गेल्यावर एक अर्ज लिहून दे. पोलीस ठाण्यात जमा करायचंय.” मुलाला पिस्तूल नको आहे, त्याचा व्यवहार मोबाइलवर चालतो. मी कारणाच्या जागी ‘वार्धक्यामुळे’ लिहिले. मामांनी वाचले, पेन मागितले, तो शब्द खोडून ‘मनगट धरत नसल्याने’ असे लिहिले आणि अर्ज पुन्हा स्वच्छ काढायला सांगितला. म्हणाले, “हत्यारात खोट नाही. घेणाऱ्याला कळाय हवं.”

ठाण्यात त्यांनी उरलेली काडतुसे टेबलावर मांडली आणि नाणी मोजावीत तशी दोन-दोन करून सरकवली. अठरा भरली. हवालदाराने पावती फाडून दिली, ती त्यांनी भिंगाशिवाय वाचली आणि परत केली.

“साहेब, आकडा अंकी घातलाय,” मामा म्हणाले, “अक्षरीही घाला.”