वीतभर खाली

बागेची आखणी सुरू झाली की मिस्तरी पिशवीतून पारदर्शक नळी काढतो. नळीत पाणी भरायचं, एक टोक त्याच्या हातात, दुसरं माझ्या. पाणी स्थिरावलं की दोन्हीकडे खडूची खूण. लेसरचं यंत्र माझ्याकडेही आहे, पण ढाळ काढताना मला ही नळीच लागते.

आपल्याकडे वाट खाली आणि वाफा उंच, अशीच सवय. काठाला दगड लावून माती शिगोशीग भरतात. पहिल्याच जोराच्या सरीला माती रस्त्यावर, पाणी गटारात. मी उलट करते. वाटा वर, हिरवळ वीतभर खाली, काठाच्या दगडांत जागोजागी खाचा. झाडाला आळं करतो, तसं अख्ख्या बागेला आळं. एका एकरावर इंचभर पाऊस पडला तरी लाखभर लिटर पाणी होतं. ते वाहून जाताना पाहणं मला सोसत नाही.

सुरुवातीला मात्र मी जमीनच विचारात घेतली नव्हती. पुण्यातल्या एका सोसायटीत काळ्या मातीवर असा सखल वाफा केला. काळी माती भिजली की फुगते, भेगा मिटतात. पाणी आठ दिवस हललं नाही. डासांच्या अळ्या झाल्या आणि रहिवाशांनी वाफा बुजवून टाकला. त्यांचं चुकलं नव्हतं. तेव्हापासून आधी हातभर खड्डा खणते, पाण्याने भरते, पाणी मुरलं की पुन्हा भरते आणि काठी रोवून घड्याळ लावून बसते. एका दिवसात मुरलं नाही, तर काळी माती काढून खालच्या मुरमापर्यंत जायचं. काठावर वाळा, मधोमध कर्दळ. दोघांनाही पाय ओले राहिलेले चालतात.

टाकीचा हट्ट मी धरत नाही. पुण्याचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर, बागेची तहान फेब्रुवारी ते मे. एवढे महिने पुरणारी टाकी करायची तर बागच खोदावी लागेल. छपराचं पाणी टाकीत, रोपांपुरतं; बाकीचं जमिनीत. आवारात जुनी विहीर असेल तर ती बुजवू देऊ नका, एवढं मात्र मी हट्टाने सांगते.

सारसबागेतल्या गणपतीला पुणेकर अजून तळ्यातला गणपती म्हणतात. पर्वतीच्या पायथ्याचं ते तळं नानासाहेब पेशव्यांच्या वेळचं. आज तिथे हिरवळ आहे. तिथून जाताना माझी नजर आपोआप उतार शोधते.

परवा वळवाची सर आली तेव्हा नव्या बागेत खाचेपाशी उभी होते. आधी धूळ आली, मग गुलमोहराच्या पाकळ्या, मग गढूळ पाणी काठाशी क्षणभर अडून आत वळलं. मिस्तरी म्हणाला, "ताई, घेतलं बघा." सकाळी वाफ्यात पाणी नव्हतं, ओल्या मातीत साळुंक्यांची पावलं होती.