सांगून काढलेला हात

आमच्या उर्दू शाळेत पाचवीच्या वर्गाला मी दरवर्षी 'मेरे वालिद' हा निबंध देते. कोकणातली मुसलमान वस्ती. वर्गातल्या बऱ्याच मुलांचे अब्बा सौदी, कुवेत, कतारला. निबंध जवळजवळ सारखेच येतात. अब्बा बाहेर असतात, रोज व्हिडिओ कॉल करतात, येताना चॉकलेट आणि घड्याळ आणतात. वाचताना मुलांची चूक काढवत नाही. नऊ वर्षांची होईपर्यंत मीही एवढंच लिहिलं असतं. व्हिडिओ कॉलच्या जागी फक्त पत्र आलं असतं.

माझे अब्बा दम्मामला एका कंपनीत क्रेन चालवायचे. दोन वर्षांनी दोन महिन्यांची रजा. ते आले की घरात साबणाचा, नव्या ब्लँकेटचा वास पसरायचा. पण भाईजान चार दिवस अम्मीच्या मागे लपायचा आणि अब्बांना 'ते' म्हणायचा. ओळख होते न होते तोच रजा संपायची. मुलं रडतात म्हणून अब्बा रात्री, आम्ही झोपलेले असताना निघून जायचे. सकाळी उठून आम्ही त्यांना मागच्या पडवीत, बागेत, बावेवर शोधायचो. मग दादी सांगायची, "गेलो तो."

१९९९ च्या मे महिन्यात ते आले आणि तिसऱ्याच दिवशी म्हणाले, "उद्या फजरनंतर दोघांनी बावेवर यायचं. पवायला शिकवतो."

दादी उसळली. "पोराला शिकव. पोरीला कशाला पान्यात घालतोस रे?"

दादीच्या रागामागे वेगळंच काही होतं. तिचं माहेर अलिबागकडचं. १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट वाटेत उलटली आणि सहाशेहून जास्त माणसं बुडाली. त्यात दादीचा थोरला भाऊ होता. रमजान तोंडावर आला म्हणून घरी निघाला होता. दादी तेव्हा आठ-नऊ वर्षांची. पुढे जन्मभर ती बावेच्या काठावरही उभी राहिली नाही. पाण्यापासून लांब राहणं हाच तिला उपाय वाटे.

अब्बांनी त्याच गोष्टीतून उलटा धडा घेतला होता. ते म्हणाले, "अम्मा, पानी इचारतं काय, पोरगा हाय का पोरगी?" मग म्हणाले, मुलांना पोहायला शिकवा, ही तर हजरत उमर (रजि.) यांची ताकीद सांगतात. दादी गप्प झाली, पण राजी झाली नाही.

पहिले दोन दिवस अब्बांनी खोलात उतरवलंच नाही. पायरीवर बसून तोंड पाण्यात घालायचं आणि बुडबुडे काढायचे, एवढंच. माझ्या सलवारीत पाणी भरून पाय जड व्हायचे, म्हणून घोट्यापाशी त्यांनी सुतळी बांधली. दोन सुके असोले नारळ काथ्याने जोडून छातीखाली दिले. छातीत श्वास भरला की माणसाचं अंग तरंगतं, घाबरून डोकं वर काढलं की पाय खाली जातात, हे त्यांनी आधी स्वतः करून दाखवलं. मग नारळ काढून पोटाखाली आपला हात धरला. लोखंड हाताळून खरखरीत झालेला तो हात. मी अब्बांच्या इतक्या जवळ इतका वेळ पहिल्यांदाच होते.

"हात काढाल?" भाईजानने विचारलं.

"काढीन. पण सांगून. न सांगता कधीच नाही."

"काढतो हां," ते म्हणायचे, आणि मगच हात जायचा. मी पहिल्यांदा बुडाले, नाकातोंडात पाणी गेलं. त्यांनी उचललं, रागावले नाहीत. "पान्याशी भांडू नको बाय, अंग सोड." त्यांनी शब्द एकदाही मोडला नाही, म्हणूनच मला अंग सोडता आलं. बाराव्या दिवशी मी बावेच्या या काठावरून त्या काठाला गेले. त्या दिवशी दादी माडापाशी तसबीह घेऊन उभी होती. आमचं डोकं पाण्याखाली गेलं की तिचे ओठ थांबायचे.

रजा संपत आली. एका रात्री जेवताना भाईजान मान खाली घालून म्हणाला, "अब्बा, यंदा सांगून जा."

कुणी काहीच बोललं नाही. पण त्या रात्री तीनच्या सुमारास अब्बांनी आम्हा दोघांना उठवलं. "जातो हां," म्हणाले. आवाज बावेतलाच होता. आम्ही रडलो, खूप रडलो. पण सकाळी घरभर शोधत फिरलो नाही. भाईजानने त्यांना पुन्हा कधी 'ते' म्हटलं नाही.

२२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं. आम्ही तळमजल्यावर भाड्याने राहत होतो. माझे शौहर मस्कतला. दोन्ही मुलांना घेऊन मी वेळेवर वरच्या मजल्यावर गेले. नंतर कुणी म्हणालं, तुला पोहता येतं, तुला कसली भीती! पण पुराच्या पाण्यात पट्टीचा पोहणाराही उतरत नाही. त्यात ओंडके असतात, पत्रे असतात, तारा असतात. कुठे उतरायचं नाही, हेही अब्बांनी बावेवरच शिकवलं होतं. २०२१ या एका वर्षात जगभरात सुमारे ३ लाख माणसं बुडून मेल्याचा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. सहा वर्षांपुढच्या मुलांना पोहण्याचे आणि पाण्यातल्या सुरक्षिततेचे धडे द्यावेत, असं ती संघटना सांगते. आपल्याकडे मुलग्यांना ते गावच्या पाण्यात आपोआप मिळतात, मुलींना नाही.

पुरानंतर माझी लेक बादलीतल्या पाण्यालाही घाबरू लागली. २०२२ च्या मे महिन्यात तिला माहेरी नेलं. अब्बा आता कायमचे घरी आहेत, गुडघे धरलेत. ते पायरीवर बसले, मी पाण्यात उतरले. सुतळी त्यांनीच बांधली.

"अम्मी, सांगून काढशील ना?" लेकीने विचारलं. तिला हे कुणी सांगितलं, ते मी विचारलं नाही.

"सांगून."

"पाय सरळ!" वरून अब्बा ओरडले.

"काढते हां," मी म्हटलं. तिने दोन-तीन हात मारले, पाणी प्यायली, परत येऊन माझ्या गळ्याला मिठी मारली. मग म्हणाली, "पुन्हा."

यंदा वर्गात मी निबंधाचा विषय बदलला. 'अब्बा या अम्मी ने मुझे क्या सिखाया.' मुलं बराच वेळ पेन तोंडात धरून बसली. शेवटच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला.

"टीचर, फोनवरून शिकवलेलं चालेल?"

मी म्हटलं, "चालेल. लिही."