शोकाला साक्षीदार हवा

दादरा आणि नगर हवेलीचा इतिहास दप्तरांतून वाचला तर तो सत्तांतरांचा इतिहास ठरतो: पेशव्यांच्या १७७९ च्या तहानुसार या परगण्याचा महसूल पोर्तुगीजांकडे गेला, १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये त्यांचा अंमल संपला आणि १९६१ साली हा मुलूख भारतात रीतसर विलीन झाला. परंतु दमणगंगेवर मधुबन धरण होऊन ज्या आदिवासी कुटुंबांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या, त्यांच्या मनाचे जे गेले त्यासाठी कोणत्याही दप्तरात रकाना नसतो.

सिल्वासात मनोविकारतज्ज्ञ म्हणून काम करताना अशा अलिखित हानीशी माझी नित्य गाठ पडते. खानदेशातून, कोकणातून किंवा बिहारातून येथील कारखान्यांत आलेला कामगार झोप येत नाही, छाती धडधडते, अशी तक्रार घेऊन येतो. आणि सावकाश विचारपूस केल्यावर कळते, की गावी वडील वारले, दिवसकार्य उरकले, रजा संपली आणि तो पुन्हा पाळीवर हजर झाला. त्याच्या खोलीतील सोबती सज्जन असतात. पण त्यांपैकी एकानेही त्याच्या वडिलांना पाहिलेले नसते, आणि ज्याला कोणी ओळखत नव्हते त्याच्याविषयी बोलावे तरी कोणाशी?

मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट यांनी १९९९ साली मांडलेल्या सिद्धांतानुसार, शोकग्रस्त मन कधी हानीकडे वळते, तर कधी बदललेल्या संसाराच्या व्यवस्थेकडे, आणि या येरझारीतच ते सावरते. म्हणून कामात क्षणभर विसर पडला यात मृताशी प्रतारणा नाही, आणि वर्षभराने डोळे भरून आले यात दुर्बलता नाही. मात्र सहा महिने उलटूनही शोकाची तीव्रता तसूभर ओसरली नाही आणि नित्यव्यवहारच खुंटले, तर तज्ज्ञाचे साहाय्य घ्यावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणातही आता दीर्घकालीन शोकविकाराला स्वतंत्र स्थान आहे.

शोकाची अभिव्यक्ती शब्दांतूनच व्हावी, असाही नियम नाही. शेजारच्या डहाणू तालुक्यातील गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांनी बालपणी आई गेल्यावर काही वर्षे बोलणेच सोडले होते, आणि त्या काळात ते धुळीत चित्रे रेखून मनोगत सांगत. वाणी यथावकाश परतली. चित्रांनी त्यांची संगत जन्मभर सोडली नाही. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, हे सर्वश्रुत आहे. मला त्याहून मोलाची वाटते ती धुळीतील रेषा समजून घेणारी माणसे.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांना मी सांगतो, की दिवसातील थोडा वेळ गेलेल्या माणसासाठी राखावा, त्याचे नाव उच्चारावे, त्याची एखादी सवय कोणाला तरी सांगावी. आणि त्यांच्या सोबत्यांना माझी कळकळीची विनंती आहे, की ‘झाले ते विसर’ असे सांत्वन करण्याऐवजी ‘तुझे वडील कसे होते रे?’ एवढे विचारावे आणि उत्तर संपेपर्यंत थांबावे. मनोधैर्य हा एकट्याने कमवायचा गुण मानला जातो. माझ्या अनुभवात तो बहुधा दोघांच्या संभाषणात निर्माण होतो.