शेवाळाची शिरगणती

अरण्य म्हटले की उंच वृक्ष, गर्द वेली आणि रानातली श्वापदे आपल्या डोळ्यांपुढे उभी राहतात. पायांखालच्या दगडावर पसरलेली हिरवी मखमल मात्र उपेक्षितच राहते. ‘शेवाळ आहे, जपून चाला!’ एवढीच काय ती तिची दखल! त्या मखमलीशी माझा खरा परिचय झाला तो भीमाशंकरच्या रानात.

हे रान १९८५ साली अभयारण्य म्हणून घोषित झाले. झुबकेदार शेपटीच्या शेकरूसाठी ते प्रसिद्ध आहे. माझा एक जुना विद्यार्थी आता वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक आहे. वनखात्याची रीतसर परवानगी घेऊन तो तेथील शेवाळी आणि यकृतका या वनस्पतींची पाहणी करीत होता. २०२२ च्या श्रावणात त्याने मलाही आग्रहाने बरोबर नेले.

रान धुक्याने भरून गेले होते. दर दहा-वीस पावलांवर तो गुडघे टेकून बसे, डोळ्याशी भिंग लावी आणि चिमूटभर शेवाळी कागदाच्या घडीत ठेवी. स्थळ, उंची, दिनांक आणि ती खडकावर मिळाली की झाडाच्या सालीवर, हे सारे तो घडीवर लिहून ठेवी.

मी भिंगातून पाहिले आणि थक्क झालो. इवल्या खोडांभोवती नाजूक पानांची दाटी होती. केसासारख्या देठांच्या टोकांना चिमुकली बोंडे होती. त्या बोंडांत बिया नसतात, धुळीसारखे बीजाणू असतात. शेजारच्या ओल्या दगडाला एक चपटी यकृतका बिलगली होती. तिचा आकार यकृतासारखा भासला, म्हणून जुन्या लोकांनी तिला हे नाव दिले. या वनस्पतींना खरी मुळे नसतात. पाणी त्या बहुतांशी अंगानेच शोषून घेतात. उन्हाळ्यात कित्येक शेवाळी वाळून जातात, पण मरत नाहीत. पावसाची सर येताच पुन्हा हिरव्या होतात.

दुपारी ओढ्याकाठी त्याला एक निराळी यकृतका आढळली. जेमतेम तळहाताएवढा पुंजका! मी म्हणालो, “घे की! याचसाठी तर आलास ना?”

त्याने मान हलवली. “सर, नाव ठरवायला ती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवावी लागेल, हे खरे. पण येथे हिचे एवढेच कुटुंब असेल तर? नाव मिळेल आणि ती जाईल.”

त्याने छायाचित्र घेतले, जागा टिपली आणि वहीत नावापुढची जागा कोरी ठेवली. पुढच्या पावसाळ्यात पुंजका वाढला तर पाहू, असे तो म्हणाला.

मग ही शिरगणती कशासाठी? वरचे झाड तुटले की सावली जाते, सावलीबरोबर ओलावा जातो आणि ओलाव्याबरोबर शेवाळीही जाते. आज काय आहे याची नोंद नसेल, तर उद्या काय हरपले हे कोण सांगणार? लाहोरचे प्राध्यापक शिवराम कश्यप यांनी हिमालयात हिंडून यकृतकांचा अभ्यास केला आणि १९२९ साली त्यांवरील ग्रंथाचा पहिला भाग प्रसिद्ध केला. अशा नोंदींच्या आधारेच पुढचे अभ्यासक वाटचाल करतात.

आयुष्यभर मी मुलांच्या वह्या तपासल्या आणि कोऱ्या जागेला कधी गुण दिले नाहीत. पण त्या वहीतल्या कोऱ्या जागेला मी मनोमन पैकीच्या पैकी गुण दिले. ज्ञानाची ओढ मोठी खरीच; पण ज्याचे ज्ञान हवे त्याला जगू देणे, ही त्या ज्ञानाची पहिली पायरी होय.