घराचे काम आणि वास्तुविशारदाची नजर

जुन्नरच्या लेण्यांतील एका ब्राह्मी शिलालेखात धान्यव्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दान दिल्याची नोंद आहे. नाणेघाटाच्या व्यापारी मार्गावरील या नगरीत व्यापाऱ्याचे बांधकामाशी असलेले नाते असे प्राचीन आहे. खडकातील घाव चुकला तर तो भरून काढता येत नाही. जुन्या घराचेही काहीसे तसेच असते. त्याच नगरीतील एका भुसार व्यापारी कुटुंबाला हे स्वतःच्या वाड्यात अनुभवावे लागले.

पुढे दुकान, मागे कोठार, वर राहणे. दगडी जोते, मातीत रचलेल्या विटांच्या भिंती, सागवानी खांब आणि तुळया असा हा आजोबांच्या काळातील वाडा. दोघा भावांनी नूतनीकरण ठरविले. वास्तुविशारदाने नकाशे काढले, परवानगीही मिळाली. पुढील देखरेखीच्या शुल्काची गोष्ट निघताच थोरले म्हणाले, "नकाशा हाती आला. आता काम मिस्त्रीचे. साहेबांनी येऊन उभे राहण्याचे पैसे कशाला?" धाकट्यांना ते पटले नाही, परंतु वडील भावापुढे ते बोलले नाहीत.

तिसऱ्या आठवड्यात मातोश्रींच्या लक्षात आले की माडीवरील देवघराचे दार लागत नाही. मिस्त्री म्हणाला, "लाकूड फुगले असेल." दिवस वैशाखाचे होते. मातोश्री एवढेच म्हणाल्या, "उन्हाळ्यात लाकूड फुगत नाही. त्यांना बोलावून घ्या."

वास्तुविशारदाने येताच काम थांबविले. दुकान रुंद करण्यासाठी मिस्त्रीने मधली भिंत कोरली होती, आणि तुळईचे टोक नेमके तिच्यावरच टेकलेले होते. नकाशात तेथे आधी टेकू आणि मग लोखंडी तुळई दाखविलेली होती. पण कागदावरचा क्रम सांगण्यास जागेवर कोणी नव्हते. त्याच दिवशी टेकू लागले, माडी रिकामी करण्यात आली आणि मोठा अनर्थ टळला. दुरुस्तीचा खर्च मात्र वाचविलेल्या शुल्काहून अधिक झाला.

पुढे वास्तुविशारद आठवड्यातून दोनदा येऊ लागले. काँक्रीट ओतण्यापूर्वी सळ्या तपासल्या गेल्या, कारण नंतर त्या दिसत नाहीत. स्लॅबला साध्या सिमेंटच्या कामात किमान सात दिवस आणि मिश्र सिमेंटच्या कामात दहा दिवस पाणी मारावे लागते, हे मिस्त्रीला बजावले गेले. न्हाणीघरात फरशीपूर्वी पाणी साठवून गळती पाहिली गेली. जुन्या मातीच्या भिंतींवर सिमेंटऐवजी चुन्याचा गिलावा झाला. सिमेंटमुळे ओल आतच कोंडते. ठेकेदाराचे प्रत्येक बिल मोजमापाशी ताडून मगच दिले गेले. गृहकर्जाचे हप्तेही बँक कामाच्या टप्प्यांनुसारच देते, ते याच तत्त्वाने.

एका फेरीत स्वयंपाकघराची पश्चिमेची खिडकी कपाटासाठी बुजविली जात असल्याचे त्यांना दिसले. त्यांनी ती पुन्हा मोकळी करविली. मातोश्रींचा चौविहाराचा नियम त्यांनी पहिल्याच भेटीत विचारून घेतला होता.

'आर्किटेक्ट' ही उपाधी १९७२ च्या कायद्यानुसार वास्तुकला परिषदेकडे नोंदणी असलेल्यालाच लावता येते. नेमणूक करताना नोंदणी पाहावी, आणि नकाशाबरोबरच जागेवरील भेटी, बिलांची तपासणी व शुल्क हे सारे लेखी ठरवावे. व्यापारी उधारी तोंडी ठेवत नाही. घराचे काम तरी का ठेवावे?

जैन आचारात जयणेला मोठे स्थान आहे. पाऊल टाकण्यापूर्वी पाहावे, पाणी पिण्यापूर्वी गाळावे. भिंत पाडण्यापूर्वी तिच्यावर काय टेकले आहे ते पाहणे, ही त्याच जयणेची एक रीत होय. वर माणसे झोपलेली असतात.

वास्तुप्रवेशानंतर थोरल्यांनी वहीत देखरेखीचे शुल्क स्वतःच्या हाताने लिहिले. 'खर्च' असे लिहून ते क्षणभर थांबले, आणि तो शब्द खोडून त्यांनी 'रक्षण' असे लिहिले. माडीवर मातोश्री मावळतीच्या उजेडात, दिवा न लावता, जेवावयास बसल्या होत्या.