वेचणी : एका घरगुती खेळाची नोंद

आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. संगणकाशी आमचा संबंध प्रश्नपत्रिका टंकित करण्यापुरता. त्यामुळे 2020 साली टाळेबंदीत शाळा बंद असताना आमच्या मुलीने पायथन या भाषेत एक लहानसा खेळ रचला, तेव्हा त्याचे कौतुक करण्यापलीकडे आमचा काही अधिकार नव्हता. वरून कापसाची बोंडे पडतात, खाली एक टोपली असते, बाणांच्या कळांनी ती डावी-उजवीकडे सरकवायची. जितकी बोंडे टोपलीत, तितके गुण. खेळाचे नाव तिने ठेवले ‘वेचणी’. पाचोऱ्याच्या पोरीला दुसरे काय सुचणार!

या खेळात सर्वांत अधिक रमल्या त्या आमच्या आई. सारा जन्म त्यांनी खरा कापूस वेचला होता. अक्षरओळख नव्हती, पण आकडे कळत. एका संध्याकाळी त्यांनी एकेचाळीस बोंडे वेचली आणि तेवढ्यात वीज गेली. सकाळी खेळ पुन्हा सुरू केला, तर उच्चांकाच्या जागी शून्य. त्यांनी नातीला विचारले, “मी वेचलेलं कुठं गेलं?”

प्रश्न साधा होता; उत्तर शोधायला मुलीला आठवडा लागला. गुण संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीत राहत होते. खेळ मिटला की ती स्मृतीही मिटते. जुन्या प्रसिद्ध खेळांचेही असेच होते, हे आम्हांला पुढे कळले. 1978 सालचा ‘स्पेस इन्व्हेडर्स’ पडद्यावर उच्चांक दाखवी आणि 1979 सालचा ‘ॲस्टेरॉइड्स’ खेळाडूला आपल्या नावाची तीन अक्षरे कोरू देई. पण यंत्राची वीज तोडली की सारे पुसले जाई. टिकवायचे असेल तर ते तात्पुरत्या स्मृतीबाहेर, फाईलमध्ये लिहून ठेवावे लागते आणि पुढच्या वेळी तिथून वाचून घ्यावे लागते.

मग तिने फाईल केली. पहिल्या प्रयत्नात खेळ सुरू होतानाच फाईल लिहिण्यासाठी उघडली जाई, आणि तशी उघडली की आतले जुने सारे आधी पुसले जाते. म्हणजे जपण्याच्या खटाटोपातच जपलेले नाहीसे होई. ते सुधारल्यावर दुसरी अडचण आली. आईंनी एकशेदोन बोंडे वेचली, तरी यादीत सत्त्याण्णवच वर. या वेळी मात्र आमचे मराठी कामी आले! फाईलमधून आलेले आकडे संगणकाच्या दृष्टीने आकडे नव्हतेच, ते शब्द होते. आणि शब्दांची तुलना तो शब्दकोशाप्रमाणे पहिल्या अक्षरापासून करीत होता. ‘नऊ’ हे चिन्ह ‘एक’पेक्षा मोठे, म्हणून सत्त्याण्णव मोठे. शब्दाचे पुन्हा संख्येत रूपांतर केले, तेव्हा कुठे आजी पहिल्या क्रमांकावर आल्या.

तिसरी गोष्ट मात्र आमच्या मनात सलत राहिली. खेळ प्रथमच सुरू होतो तेव्हा फाईल अस्तित्वात नसते. ती शोधायला गेलेला खेळ अडखळून बंद पडतो. त्यावर उपाय म्हणून मुलीने एक ओळ लिहिली : फाईल सापडली नाही, तर उच्चांक शून्य धरावा. खेळापुरते हे योग्यच. पण आपण वाङ्मयाच्या इतिहासातही नेमके हेच करीत आलो, असे आम्हांला वाटू लागले. नोंद नाही, म्हणून शून्य.

बहिणाबाई चौधरी आमच्याच जिल्ह्यातल्या, असोद्याच्या. त्यांना लिहिता येत नव्हते. घरकाम आणि शेतकाम करता करता त्या गात, आणि ते गाणे टिपून घेणारे कोणी घरात होते. 3 डिसेंबर 1951 रोजी त्या गेल्या. पुत्र सोपानदेव यांच्यामुळे 1952 साली ‘बहिणाबाईंची गाणी’ आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाली. ती वही नसती, तर आपल्या अभ्यासक्रमात त्यांच्या नावापुढे शून्य असते; नव्हे, नावही नसते. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी गावोगावच्या स्त्रियांकडून जात्यावरच्या ओव्या जमवल्या. त्या एक लाखाहून अधिक भरल्या. त्या आधी शून्य नव्हत्या. त्यांची फाईल नव्हती, इतकेच.

हे सारे आम्ही वर्गात वर्षानुवर्षे शिकवले. आणि घरात? आमच्या आई पहाटे ओव्या म्हणत. जाते गेले, गिरणी आली, तरी दळण निवडताना म्हणतच राहिल्या. त्यांचे माहेर शेंदुर्णीकडचे. पाचोरा-जामनेर मार्गावरची ‘पी.जे.’ ही अरुंद रुळांची गाडी त्यांच्या एका ओवीत भावाचे रूप घेऊन येई. ती गाडी 2020 साली थांबली. ओवीचा पूर्वार्ध आम्हां दोघांनाही आठवतो, उत्तरार्ध एकालाही नाही. खिशात ध्वनिमुद्रण करणारा फोन असताना आम्हांला ते सुचले नाही. मौखिक परंपरेवर टिपणे मात्र काढली.

2023 साली आई गेल्या. दहाव्यानंतर एका संध्याकाळी मुलीने ‘वेचणी’ उघडली. पहिल्या ओळीत ‘आजी’ आणि पुढे एकशेअठरा. अंक तेवढा आला. आईंचा हात, चुकलेल्या बोंडाला त्यांनी घातलेली शिवी, हे त्यात नव्हते. तरी तो आला. मग तिने सहज विचारले, “आजीची गाणी तुम्ही कुठे ठेवलीत?”

या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. त्या दिवाळीत आम्ही आईंच्या धाकट्या बहिणीकडे, मावशींकडे, जाऊन बसलो. त्यांना काही ओव्या अर्ध्या आठवतात, काही वेगळ्याच चालीत. आम्ही ध्वनिमुद्रण करतो आणि वहीतही लिहितो. जिथे ओळ सापडत नाही, तिथे जागा कोरी सोडतो. शून्य लिहीत नाही.