खेळांतला वाडा

संगणकावरील खेळ खेळून न थांबतां मुलें त्या खेळण्याचें चित्रमुद्रणही करून ठेवतात, हें प्रथम ऐकलें तेव्हां आम्हांस हंसूं आलें होतें. जें मुळांतच पडद्यावरचें, तें पुन्हां पडद्यावर पाहण्यासाठीं जपून ठेवणें म्हणजे आरशाचा फोटो काढण्यासारखें आहे, असें आम्ही मोठ्या ऐटीनें म्हणालोंही होतों. गेल्या पावसाळ्यांत ते शब्द आम्हांस मागें घ्यावे लागले.

सातारा जिल्ह्यांतील आमचा वाडा २०१८ सालीं विकला गेला आणि वर्षाच्या आंत पाडलाही गेला. २०२० च्या टाळेबंदींत आमच्या मुलानें व मुलीनें तो माइनक्राफ्ट या खेळांत ठोकळ्यावर ठोकळा रचून पुन्हां उभा केला. दिंडीदरवाजा, चौक, ओसरी, माजघर, मागचा आड, कांहीं म्हणून सोडलें नाहीं. आतां मुलगा शिक्षणासाठीं जर्मनीस निघाला होता. आमच्या मातोश्रींचें वय ८३. त्या वाड्यांत त्या सोळाव्या वर्षीं सून म्हणून आल्या. संगणकापुढें बसून त्यांनीं त्यांत हिंडावें हें शक्य नव्हतें. तेव्हां भावंडांनीं वाड्यांतून एक फेरी मारावी, तिचें मुद्रण करावें आणि आजीला टीव्हीवर दाखवावें असें ठरलें. संगणक आमचा, म्हणून देखरेखही आमची!

यासाठीं मुलीनें ओबीएस स्टुडिओ हें सॉफ्टवेअर घेतलें. ह्यू बेली या गृहस्थानें तें २०१२ सालीं सुरू केलें आणि आजही तें कोणासही फुकट मिळतें. पण नुसतें पकडून भागत नाहीं. पडद्यावर आडवे १९२० व उभे १०८० असे मिळून वीस लक्षांवर बिंदू. प्रत्येकास तीन बाइट, आणि सेकंदास साठ चित्रें. जसेंच्या तसें लिहावयाचें तर एका मिनिटास बावीस गिगाबाइट जागा लागेल. म्हणून एन्कोडिंग. एक चित्र पुरें लिहावयाचें, पुढील चित्रांत जें बदललें तेवढेंच टिपावयाचें. डोळा उजेड बारकाईनें पाहतो, रंग तितका नाहीं, म्हणून रंगांत काटकसर करावयाची. थोडक्यांत, पाहणाराच्या लक्षांत येणार नाहीं तें टाकून द्यावयाचें. दुसऱ्याच्या डोळ्यांस काय चुकेल हें परस्पर ठरविण्याचा हा धीटपणा आम्हांस गमतीचा वाटला. आम्ही परीक्षक तरी दुसरें काय करतों?

पहिली फेरी वीजमंडळीनें खाल्ली. मुलें माजघरापर्यंत पोंचलीं आणि दिवे गेले. फाईल साध्या एमपी-फोर पद्धतीची होती. या पद्धतींत ग्रंथाची अनुक्रमणिका शेवटीं लिहिली जाते. ती लिहिण्यापूर्वींच लेखणी गळाली, तर मागचीं सारीं पानें असून नसल्यासारखीं. अर्ध्या तासाची फेरी उघडेचना. मुलगा कांहीं न बोलतां गच्चीवर निघून गेला. मुलीनें मात्र एमकेव्ही ही पद्धत निवडली. तींत वीज गेली तरी तोंवर लिहिलेलें हातीं राहतें, आणि मागाहून चित्रास धक्का न लावतां तें एमपी-फोरच्या वेष्टनांत घालतां येतें.

दुसरी फेरी पुरी झाली. चौकांत पाऊस हवा, असा मुलीचा हट्ट. आजी ज्या ज्या वेळीं वाड्याची गोष्ट सांगे, त्या त्या वेळीं तींत पाऊस असेच. दिंडीदरवाजा उत्तम दिसला. पण चौकांत पाऊस सुरू होतांच भिंती विरघळल्या आणि चित्राचे चौकोनी डाग पडले. मातोश्री चष्मा पुसून म्हणाल्या, "कां रे, शस्त्रक्रिया केली तरी मोतीबिंदू परत येतो का?"

दोष डोळ्यांचा नव्हता. सेकंदास अडीच हजार किलोबिट असा ठराविक शिधा आम्हीं बांधून दिला होता. स्थिर भिंतीस तो पुरून उरे. पावसांत प्रत्येक चित्रांत सारेंच बदलतें, तेथें तो कोठून पुरणार? एक्स-२६४ या एन्कोडरास शिध्याऐवजीं गुणवत्तेचा अंकही सांगतां येतो. तो आपण होऊन २३ धरतो. अंक जितका लहान तितकें चित्र सुरेख आणि फाईल जड. मुलीनें १८ धरला.

तिसऱ्या फेरींत पावसाची रेघ न्‌ रेघ उमटली. मध्येंच "पानें वाढलीं आहेत, उठा आतां!" हा आमचा खेंकसणारा आवाजही उमटला होता. आवाजाचा पट्टा निराळा ठेवलेला असल्यामुळें तो सहज काढतां आला असता. "बाबा, राहूं दे," असें मुलीनें परस्पर ठरवून टाकलें.

मातोश्रींनीं सारें एकटक पाहिलें. ओसरी आली तेव्हां त्यांनीं चित्र थांबवावयास सांगितलें.

"पायऱ्या पांच होत्या. तुम्हीं चारच केल्यात. सगळ्यांत खालची उन्हांत तापत नसे. तिच्यावर बसून मी भाजी निवडीत असें."

त्या पायऱ्यांवरून आम्ही अठरा वर्षें चढलों-उतरलों होतों. आम्हांस एक उणी असल्याचें कळलें नव्हतें.

मुलाचें विमान परवां पहांटेचें होतें. रात्रीं साडेदहा वाजतां मुलगी पांचवी पायरी बसवूं लागली, आणि मुलगा फाईल एमकेव्हीच आहे ना, हें पुन्हां एकदां पाहून घेत होता.